डोलकाठीचा इतिहास आणि विहिरीचं पाणी

सानपाडा, नवी मुंबई
रविवार, दुपारची भांडी झाल्यावर

तीर्थरूप सुधीरमामांना कुंदनचा, दोन्ही पाय धरून आणि पटकन सोडून, नमस्कार. (पटकन अशासाठी की डाव्या गुडघ्याला हात लागला की तुम्ही ओरडता.)

इकडे मी बरा आहे. अंगाने बरा आहे, डोक्याचं विचारू नका. तुमचा गुडघा काय म्हणतोय? उज्वलामामीची दाढ काढली का अजून लवंगेवरच चाललंय? म्हैस व्याली का? तुम्ही फोनवर दर वेळी पुढच्या आठवड्यात म्हणता, म्हणजे आतापर्यंत रेडकू दावं तोडायला लागलं असेल. आणि आपल्या विहिरीला पाणी किती आहे? पायऱ्या दिसायला लागल्या का अजून बुडालेल्याच आहेत? काही विशेष नाही, सहज आठवण झाली म्हणून विचारलं.

तुम्ही म्हणाल हा पोरगा फोन सोडून कागदावर का उतरला. मामा, तुमचा फोन तुमच्याकडे असतो कधी? तो तुमच्या मनालीकडे असतो, आणि माझा मेसेज आला की ती तो आधी मामीला, मग शेजारी आणि मग दूध घालायला गेली की डेअरीच्या रांगेत वाचून दाखवते. मागे मला साधा ताप आला होता तर डेअरीच्या सेक्रेटरीचा फोन आला, काढा कसा करायचा ते सांगायला. म्हणून हे पत्र. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त मामांनी फोडावे' असं लिहिलंय, त्यामुळे ते मनालीने आधी फोडलं असणारच. (मनाली, इथंच थांब. पुढे सगळं कंटाळवाणं आहे.) माझं लिहिणं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. आठवीत शाळेने मला सोडलं का मी शाळेला, हे अजून ठरलेलं नाही. तेव्हा चुकलं माकलं पोटात घाला.

आता आधी त्या फ्लेक्सचं. मनालीने फोटो पाठवला. एसटी स्टँडच्या समोर, एवढा मोठा, मागे लढाईचं जहाज, वर विमान, बाजूला का कोण जाणे एक वाघ, आणि मधोमध मी. 'आमचे लाडके भाचे कुंदन यांची नौदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' शुभेच्छुक तुम्ही, आणि तुमचा फोटो माझ्याहून मोठा. मामा, मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की जिथं आरमारी पोरं शिकतात तिथं मला काम लागलंय. ती पोरं शिकतात, मी त्यांच्या ताटात आमटी घालतो. फोटोतला पांढरा पोशाख मेसचा आहे. हातात आमटीची पळी होती, ती तुम्ही काढायला सांगितली असणार, पण फ्लेक्सवाल्याने पुढची वाटी कापली आणि दांडा तसाच ठेवला. आता तो तलवारीसारखा दिसतो. मामा, मी हात जोडतो, तो फ्लेक्स उतरवा.

कारण ऐका. मेसच्या ठेकेदाराचा ठेका ह्या महिन्याच्या शेवटी संपतोय. नवा ठेकेदार स्वतःची माणसं घेऊन येणार. म्हणजे एकतर कॉलेजने मला आपल्याकडे ठेवून घ्यायचं, नाहीतर मी परत पावणे एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं मी आधी पाइपांना आटे पाडत होतो आणि सुट्टी झाली तरी कानात मशीन चालूच असायचं. तिथंही जागा नसली तर थेट गावी. आणि गावी एसटीतून पाय खाली टाकला की समोर कोण? मीच, वाघासकट. निवड झालेला माणूस पिशवी घेऊन परत आला तर लोक पहिल्यांदा काय विचारतील? काढला का पळून आला? म्हणून ही नोकरी टिकणं किती गरजेचं आहे ते ध्यानात घ्या, आणि मगच पुढचं वाचा.

मी जिथं आहे ते नक्की काय आहे, हे सांगायचा प्रयत्न करतो. वर्ष होत आलं तरी मला ते पूर्ण कळलेलं नाही. बाहेरून बघितलं तर ते कॉलेज आहे. खाडीच्या अंगाला इमारत, पुढे मैदान, मैदानात उंचच उंच डोलकाठी, मागे नौकाघर आणि एक छोटा धक्का. पण फाटकातून आत पाऊल टाकलं की ते जहाज आहे. म्हणजे तसं मानायचं. पोरांना सवय लागावी म्हणून. फरशीला डेक म्हणायचं, स्वयंपाकघराला गॅली म्हणायचं, आणि भिंतीला जे म्हणायचं ते मला अजून उच्चारता येत नाही. पहिल्या दिवशी मला कांद्याचं पोतं खालच्या डेकवर ठेव म्हणून सांगितलं. मी इमारतीला तीन फेऱ्या मारल्या, डेक कुठं दिसेना, मग धक्क्यावर जाऊन पोतं खांद्यावर घेऊन जहाजाची वाट बघत उभा राहिलो. भरती आली, जहाज आलं नाही. (आपल्या गावाकडे असं नाही. आपल्याकडे गोठ्याला गोठाच म्हणतात आणि म्हशीलाही ते कळतं.)

फाटकाबाहेर टपरीवर चहाला जायचं असेल तर 'किनाऱ्यावर जातो' म्हणून परवानगी मागावी लागते. टपरी समोर, मी फाटकात, मध्ये एकच डांबरी रस्ता, आणि म्हणे मी समुद्रात आहे. एकदा न विचारता गेलो तर परत येताना सगळ्या पोरांसमोर माझी कॉलर धरली गेली, हा जहाज सोडून पळाला म्हणून. हातात कटिंगचा ग्लास होता. आणि आत आलं की पहिल्यांदा डोलकाठीकडे तोंड करून सलाम ठोकायचा, मग पुढे जायचं. पहिल्या आठवड्यात मी डोक्यावर पोळ्यांची पाटी असताना सलाम ठोकला. त्या दिवशी पोरांनी भातावर भागवलं.

कॉलर धरणारे ते कान्हा सारंग. सारंग म्हणजे बोटी, दोर, वल्ही, नौकाघर हे सगळं ज्याच्या ताब्यात तो माणूस. मोऱ्याचे आहेत, उरणच्या बाजूचे, बापजाद्यांपासून मासेमारीतले. हाताचे पंजे आपल्या नांगराच्या फाळासारखे. पोरांना गाठी मारायला आणि वल्हवायला तेच शिकवतात. मी एकदा त्यांना विचारलं, समजा हे जहाज आहे, पण निघणार कधी? तर म्हणाले, "पन्नास वर्सं जाली पोरा, आजून नांगरच निघत नाय." आणि हसले नाहीत. म्हणून मी पण हसलो नाही. नौकाघराकडे मात्र मी फारसा फिरकत नाही. तिथली फळी हलते.

तर ह्या पन्नास वर्षांचाच सगळा घोळ आहे. कॉलेजला इथं येऊन पन्नास वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा ठरला. जुनी शिकून गेलेली माणसं येणार, त्यांना सगळीकडे फिरवून कॉलेजचा इतिहास सांगायचा. हे काम वाचनालयाच्या संध्या मॅडमकडे होतं. त्यांनी इंग्रजीत जाडजूड लिहून काढलं होतं आणि तालमीत इतक्या वेळा मोठ्याने म्हटलं की सोहळ्याच्या तोंडावर त्यांचा आवाज बसला. बसला म्हणजे साफ गेला. पोरं सगळी कवायतीत अडकलेली. मग कॅप्टनसाहेबांना, म्हणजे आमच्या प्राचार्यांना, कुठूनतरी मी आठवलो. मी जेवणाची हाक मारली की खाडीतले बगळे उठतात, आणि चहा घेऊन मी सगळ्या खोल्यांतून फिरलेलो असतो. साहेब म्हणाले, "कुंदन, पाहुण्यांना तू फिरवायचं. इतिहास तू सांगायचा. नीट सांगितलास तर तुझं इथंच काहीतरी बघू." मामा, त्या 'बघू'वर मी त्या रात्री जेवलो पण नाही. (म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर जेवलो.)

मॅडमचं लिहिलेलं इंग्रजीत, त्यामुळे माझ्या काही उपयोगाचं नाही. मॅडम बोलणार कशा? त्या नुसता हात हलवायच्या आणि मी मान हलवायचो. शेवटी ठरवलं की माणसांना विचारू. इतिहास म्हणजे काय, जे झालं ते. जे झालं ते ज्यांनी बघितलं त्यांना विचारलं की संपलं. इतकं सोपं मला वाटलं होतं.

आधी साहेब. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं. (खुर्चीवर. ट्रे मी मांडीवर घेतला.) म्हणाले, ह्या कॉलेजची सुरुवात जमिनीवर झालीच नाही. मुंबईच्या बंदरात एक जुनं जहाज नांगरून ठेवलेलं होतं, पोरं त्याच्यावरच राहायची, झोळ्यांत झोपायची, पहाटे डेक घासायची आणि डोलकाठीवर चढायची. त्यातली काही पुढे आरमारात गेली, काही मालाच्या बोटींवर, जगभर. मग जहाज म्हातारं झालं, तळातून पाणी यायला लागलं, ते मोडीत निघालं आणि पोरं, एक पितळी घंटा आणि ती डोलकाठी एवढंच इथं आलं. सांगताना साहेबांचे डोळे भरून आले. मी विचारलं, साहेब, तुम्ही त्या जहाजावर शिकला का? तर म्हणाले, नाही, मी फार नंतरचा. मग त्यांना एवढं का भरून आलं ते मला कळेना, पण जहाज चांगलं असणार.

तिथून सारंगांकडे गेलो. ते दोर वळत होते. मी म्हटलं, डोलकाठी जहाजावरून आली ना? त्यांनी दोर खाली ठेवला.

"कोन बोलला? जहाजाची काठी आली ती खाडीच्या तोंडापरयंत. ओहोटी लागली, तराफा चिखलान बसला, काठी गेली खाली. आजून तिथंच हाय. मंग सायब लोकांना उद्घाटनाला काठी पायजे. कोन देनार? माझ्या काकानं मचव्याची काढून दिली. मचवा बोडका जाला ना कालेज सजला."

मी म्हटलं, पण साहेब तर म्हणतात जहाजाचीच आहे.

"सायब घाटावरचा मानूस. त्याला खाडीचा काय ठाव?"

(मी पण घाटावरचाच.)

आता मला वाटलं, दोघांत तिसरा बघावा म्हणजे निकाल लागेल. म्हणून पुतळाबाईला विचारलं. पुतळाबाई म्हणजे आमच्या गॅलीची मालकीण, कागदावर नसली तरी. इथल्याच खाडीकाठच्या जुन्या गावातली. तिच्या हातची सुकटीची चटणी खायला साहेब मागच्या दाराने येतात. ती वाटण वाटत होती. म्हणाली, "जहाज नाय ना मचवा नाय. इथं मिठागर व्हता. माझा सासरा इथं मीठ वडायचा. ना मिठागराच्या मधी गावदेवीचा ओटा, पालखी टेकवायचा. त्या ओट्यावर तुमी काठी रोवली." मी विचारलं, मग डोलकाठी कुणाची? तर म्हणाली, "काठी कोनाची का असंना. खाली जागा कोनाची ते बोल."

म्हणजे मामा, रोज आत येताना आम्ही ज्या डोलकाठीला सलाम करतो तो साहेबांच्या मते त्या जहाजाला, सारंगांच्या मते काकांच्या मासेमारीच्या मचव्याला आणि पुतळाबाईच्या मते देवीला पोचतो. मी आपला डोक्यावर पाटी घेऊन तिघांना मिळून एकच करत होतो.

देवीवरून आठवलं, तुम्हाला हे सांगितलंच पाहिजे. चैत्रात गावदेवीची पालखी निघते ती कॉलेजात येते, कारण ओटा आत आहे. आता फाटकापासून आत जहाज, आणि जहाजावर कुणीही परवानगीशिवाय चढत नाही, हा साहेबांचा नियम. गावाचं म्हणणं, देवी स्वतःच्या जागेत जायला परवानगी मागत नसते. पुतळाबाई तर फाटकात कमरेवर हात ठेवून उभी. मला वाटलं आता इथंच जुंपणार. पण मामा, ह्यांची एक रीत आहे. पालखी फाटकाशी येऊन थांबते. थांबते म्हणजे भोई दम खायला थांबतात असं गाव म्हणतं. तेवढ्यात आत सारंग पितळी शिट्टी तोंडाला लावतात. मोठा अधिकारी जहाजावर चढला की वाजवतात ती शिट्टी, बारीक, लांब, अंगावर काटा आणणारी. साहेब पांढऱ्या गणवेशात ताठ उभे राहून सलाम ठोकतात आणि त्याच क्षणाला पालखी उचलली जाते. शिट्टी आधी का पालखी आधी, ते कुणालाच सांगता येत नाही. साहेब म्हणतात देवीने परवानगी मागितली, मी दिली. पुतळाबाई म्हणते सायबांनी देवीला आत बोलावलं. दोघंही खूश, आणि प्रसादाचे नारळ आम्ही फोडतो. मी ते बघितलं तेव्हा मला उगाच रडू आलं. आपल्याकडे कुणी कुणाला असं विचारून आत घेतं का हो? आपल्याकडे सरळ ढकलतात.

(मध्येच एक विचारायचं राहिलं. विहिरीच्या काठावरचा उंबर अजून आहे का तोडला? आणि तो तेलाचा पत्र्याचा डबा, माळ्यावरचा, गंजला तर नाही ना? पुढे चालू करतो.)

सोहळ्याचा दिवस आला. मला सारंगांचा जुना पांढरा शर्ट घालायला दिला, त्याच्यात मी आणि आणखी एकजण मावला असता. पाहुणे म्हणजे सगळे आजोबा लोक. पण फाटकातून आत आले आणि डोलकाठी दिसली तसे एकदम पोरं झाले. कुणी कुणाच्या पाठीत धपाटा घालतंय, कुणी जिन्याच्या कठड्यावरून घसरायला बघतंय आणि त्यांच्या बायका त्यांना आवरतायत. मुख्य पाहुणे होते ते एक निवृत्त झालेले मोठे अधिकारी, इथं जमिनीवर शिकलेल्या पहिल्या तुकडीतले. आवाज असा की माझा त्यांच्यापुढे कुजबुजल्यासारखा. माझ्या डाव्या हाताला साहेब, उजव्या हाताला सारंग, गॅलीच्या दारात पुतळाबाई, आणि मागे संध्या मॅडम, आवाज नाही पण हात मोकळे.

मी सुरुवात केली की हे कॉलेज आधी जहाज होतं. सारंग खाकरले. म्हणून मी म्हटलं, म्हणजे आधी मिठागर होतं, मग जहाज झालं. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं की मिठागराचं जहाज कसं झालं. मी म्हटलं, हळूहळू. लोक हसले. मला वाटलं चांगलं चाललंय. संध्या मॅडम मागून दोन्ही हात जोरजोरात हलवत होत्या, मला वाटलं आणखी मोठ्याने सांग म्हणतायत, म्हणून मी आवाज चढवला. मग मी देवी मुंबईच्या बंदरातून आली असं म्हणालो आणि जहाज चैत्रात निघतं असं म्हणालो, आणि घंटा मिठागरात सापडली असंही काहीतरी निघून गेलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मामा, मला तिथं तो फ्लेक्स दिसायला लागला. वाघ दिसायला लागला.

तसे आम्ही डोलकाठीपाशी आलो. मुख्य पाहुणे वर बघत म्हणाले, "आणि ही कुणाची बाबा?" मी म्हटलं, जहाजाची. सारंग असे खोकले की त्यांना पाणी द्यावं लागेल असं वाटलं. मी म्हटलं, नाही, मचव्याची. आता साहेब खोकले. गॅलीच्या दारातून पुतळाबाईने पळी आपटली. मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, खाली ओटा देवीचा, त्याच्यावर अर्धी काठी मचव्याची, आणि त्याच्यावर अर्धी जहाजाची. जोडलेली आहे."

मी हे का म्हणालो ते विचारू नका. वाटण्या करताना तुम्ही बांधावरच्या आंब्याचं केलं होतं, बुंधा थोरल्याचा आणि कैऱ्या धाकट्याच्या, ते डोक्यात कुठंतरी असणार.

मग ते मोठे पाहुणे डोलकाठीजवळ गेले आणि नखाने रंग खरवडायला लागले. मी म्हटलं संपलं. तर रंगाखाली खरोखर लोखंडी पट्टा! हात फिरवून बघितला तर वर एक लाकूड, खाली एक लाकूड, मध्ये जोड. सगळे बघायला धावले. पाहुणे पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले की आम्ही हिच्यावर चढलो, पडलो, हिच्याखाली उभं राहून शिक्षा भोगली, आणि ही दोघांची मिळून आहे हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. साहेब सारंगांकडे बघत होते, सारंग साहेबांकडे. मग साहेबांनी हात पुढे केला. सारंगांनी आधी तळवा विजारीला पुसला आणि मग हातात हात दिला. पुतळाबाई दारातून ओरडली, "आनि ओटा?" मुख्य पाहुण्यांनी बूट काढले आणि ओट्याला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागोमाग सगळ्या आजोबांनी बूट काढले. नंतर कुणाचा बूट कुणाचा, ह्यात बराच वेळ गेला.

साहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं की डोलकाठीवर पितळी पाटी लावायची आणि मी सांगितलं तसंच लिहायचं. मामा, म्हणजे आठवी नापास माणूस घाबरून जे बोलला ते आता पितळेत कोरणार. आणि सारंग होळीला निवृत्त होतायत. त्यांनी स्वतः साहेबांना सांगितलं की नौकाघराला हा पोरगा चालेल, ठेवा ह्याला. साहेब म्हणाले, ठेवू. 'बघू' नाही, 'ठेवू'. फक्त एक छोटीशी गोष्ट राहिलीय, ती खाली लिहितो, फार महत्त्वाची नाही.

तर असं आहे. मामीला नमस्कार. म्हशीला पाठीवर थाप. गुडघ्याला गरम तेल लावत जा, नुसतं बघत बसू नका. तुमचा, जमिनीवर असून पाण्यात असलेला,

कुंदन

ता. क. सोहळा झाल्यावर मी सारंगांना एकट्याला गाठून विचारलं की जोड खरंच तेव्हाचा आहे ना. ते म्हणाले, "तो पट्टा मीच मारला, मागे वादलान काठी मोडली तवा. खालची कोनाची ना वरची कोनाची, मना बी ठाव नाय." मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाही? तर म्हणाले, "काका खूश आसल." संध्या मॅडमचा आवाज अजून आलेला नाही. तो येण्याआधी पाटी लागली तर बरं.

ता. क. दुसरा. वर मी फ्लेक्स उतरवा म्हणून लिहिलंय. ते खोडायला गेलो तर पान फाटायला लागलं. उतरवू नका. होळीपर्यंत राहू द्या. वाघ पण राहू द्या, आता सवय झाली.

ता. क. तिसरा. (मनाली, आता मात्र खरंच थांब. थांबलीस तर येताना तुला मोबाईलचं कव्हर आणतो.) मामा, ती छोटीशी गोष्ट. नौकाघराच्या माणसाला पोहता आलं पाहिजे असा नियम आहे. होळीच्या आत सारंगांसमोर आणि सगळ्या पोरांसमोर इथल्या पोहण्याच्या तलावात ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचंय. त्या मोठ्या पाहुण्यांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, पोहायला येतं ना? मी खोटं बोललो नाही. मी एवढंच म्हणालो, आमच्या मामांची विहीर आहे. सारंगांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि विषय संपला. आता त्यांना काय माहीत की तुम्ही अख्ख्या गावाची पोरं त्या विहिरीत शिकवली आणि मी एकटा उंबरावर चढून बसलो होतो, आणि तुम्ही खालून ओरडत होता, "आरं उतर खाली, पाणी काय खातंय व्हय तुला?" मला अजून वाटतं की खातं. पण पिशवी घेऊन फ्लेक्सवरच्या वाघासमोर उतरायचं का पाण्यात उतरायचं, हे आता ठरवून झालंय. मी रजा काढून येतोय. लोकांना सांगा, नौदलाची सुट्टी आहे. डबा माळ्यावरून काढा, गंज असला तर डांबर लावा, आणि तो पाठीला बांधायचा दोर नवा घ्या. गाठी मी मारीन, तेवढं आता येतं. पाणी कमी असलं तरी चालेल. खरं म्हणजे कमीच असू दे.

ता. क. शेवटचा. एकच अट आहे, मामा. बाकीच्या पोरांना ढकलायचा तसं मला मागून येऊन ढकलायचं नाही. मी काठावर ताठ उभा राहीन, विहिरीकडे तोंड करून सलाम ठोकीन आणि आत यायची परवानगी मागेन. तुम्ही पायरीवर बसा आणि बैलांना पाणी पाजताना घालायचा तशी लांब शीळ घाला. शीळ संपायच्या आत मी उडी मारलेली असेल. नाही मारली तर ढकला.